पहिली फेरी

१ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे. टेम्पोत कपाटाचा एक पाय मोडला, पण बाबांची चाकांची खुर्ची शाबूत पोचली, म्हणजे गंगेत घोडं न्हालं. कंपनीने दिलेली जागा पाचव्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, लख्ख स्वयंपाकघर, आणि नळाला खरोखर पाणी. खाली चार मजले ऑफिस, वर दोन मजले गोदाम. मला कामावर जायला लिफ्टने दीड मिनिट लागणार. बाबा म्हणाले, ठमे, तीस वर्षं बस चालवून मी जगाला कामावर सोडलं, आणि तुझं ऑफिस निघालं तुझ्याच पलंगाखाली. आजारपणात पाय गेल्यापासून त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

ही वही त्यांनीच दिली. बस डेपोतून काढताना आणि परत आणल्यावर चार ओळी लिहायची त्यांची सवय होती. नवी गाडी हातात आली की आधी ब्रेक बघ, मग आरसा, मग वही, हा त्यांचा मंत्र. खुर्चीत बसवलं तरी आधी ब्रेकच बघतात. बघू, माझं लिहिणं किती टिकतं. नव्याचे नऊ दिवस.

२ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनी लिफ्ट चालवणारे प्रोग्राम लिहिते. लिफ्ट कुठे थांबावी, दार किती वेळ उघडं राहावं, हे सगळं इथे ठरतं आणि मग दवाखान्यांत, मोठ्या इमारतींत जातं. सगळा प्रोग्राम तळघरातल्या आमच्याच सर्व्हरवर असतो. त्याला इथे 'कोठार' म्हणतात. कोणी काय बदललं, केव्हा, का, याची वीस वर्षांची नोंद त्यात आहे. बाहेरच्या कोणाकडे काहीही ठेवायचं नाही हा मालकीणबाईंचा हट्ट, आणि मला तो पटतो.

माझं काम त्या कोठाराला एजंट जोडून देणं. विमा विकणारे नव्हेत. काम सांगितलं की स्वतः प्रोग्राम लिहून आणणारे यांत्रिक एजंट. एकाने बदल लिहायचा, दुसऱ्याने वाचून सही करायची, मगच तो कोठारात जातो. यापुढे लिहिणारा एजंट आणि वाचणारी मी.

इथला एक रिवाज मला फारच आवडला. रोज सकाळी अकरा वाजता नवे बदल आधी याच इमारतीच्या लिफ्टमध्ये उतरतात, आणि बदलावर ज्याचं नाव असेल त्याने स्वतः आत उभं राहून तळापासून सातव्या मजल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. मध्ये कुठे थांबायचं नाही, प्रत्येक मजल्याला काय दिसलं ते हाताने वहीत लिहायचं. याला पहिली फेरी म्हणतात. आपण ज्यात चढणार नाही त्यात दुसऱ्याला चढवू नये, असं मालकीणबाईंचे वडील म्हणत. बाबांना सांगितलं तर म्हणाले, शहाणा माणूस होता.

४ फेब्रुवारी, गुरुवार

एजंटला कोठारात शिरायला खातं लागतं. नवं खातं म्हणजे अर्ज, दोन सह्या, पाच दिवस. तळघराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात त्यांना सगळे कुलूपकाका म्हणतात. साठीचे, खांदे पडलेले, कधी कोणाच्या डोळ्यांत न बघणारे. त्यांनी सुचवलं की मास्तरांचं खातं रिकामं पडलंय, ते वापर. मास्तर म्हणजे हा सगळा प्रोग्राम मुळात ज्यांनी लिहिला ते. दोन वर्षांपूर्वी वारले. गेलेल्या माणसाचं नाव इथे पुसत नाहीत, त्यामुळे खातं तसंच चालू आहे, आणि सगळ्यांत मोठे अधिकार त्याच खात्याला.

हे बरोबर नाही हे मला माहीत होतं. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांना हेच शिकवत आले. पण पाच दिवस हात बांधून कोण बसणार? तात्पुरतं म्हणून मास्तरांच्या खात्याची किल्ली एजंटला दिली. आयत्या बिळात नागोबा, असं काकांना म्हटलं. ते हसले नाहीत.

इथली लिहायची पद्धत कळावी म्हणून मास्तरांचे वीस वर्षांचे सगळे शेरे एजंटला वाचायला दिले. माणूस भलताच तिखट होता. एकाला लिहिलंय, हे तू लिहिलंस की मांजर कळफलकावरून चाललं?

५ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिलं काम मी हावरटासारखं स्वतःचंच दिलं. पाचव्या मजल्यावर लिफ्टचं दार फार लवकर मिटतं, बाबांची खुर्ची अर्धी आत असतानाच. एजंटला लिहिलं की माझे वडील चाकांच्या खुर्चीत असतात, त्यांच्यासाठी पाचव्याला दार तीन सेकंद जास्त उघडं ठेव. दोन मिनिटांत बदल हजर. चारच ओळींचा, आणि मागितलेला मीच, त्यात वाचायचं काय? सही ठोकली. एजंट चढू शकत नाही, म्हणून सही करणाऱ्याने फेरी मारायची असं मालकीणबाईंनी ठरवलं.

मारली. फेरी संपल्यावर पाचव्याला थांबले आणि बाबांना आत घेतलं. दार शहाण्यासारखं थांबून राहिलं. बाबांनी डोक्यावर बस चालवतानाची जुनी टोपी चढवली होती. बदलाचा कागद छापून आठवण म्हणून इथे चिकटवते आहे.

८ फेब्रुवारी, सोमवार

बाबांसाठी दिवसभराच्या मावशी मिळाल्या. खणखणीत बाई आहेत. दहा वाजता त्यांना खाली अंगणात नेतात, बारापर्यंत उन्हात बसवतात, कानातलं ऐकायचं यंत्रही त्याच लावून देतात. मी निश्चिंत.

एजंट आता माझ्या कामावर शेरे मारतो. आज मला लिहिलं, हे नाव ठेवताना झोपेत होतीस का? मास्तरांचं वाचून वाचून त्याला तीच जीभ आली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ऑफिसात वाचून दाखवलं, सगळे हसले. काका उठून गेले.

११ फेब्रुवारी, गुरुवार

मालकीणबाई खूश. चार एजंट करा म्हणाल्या. चारही मास्तरांच्याच नावाने चालतात, वेगळी खाती करायला आता सवड कुणाला आहे? काल बदल सोळा, आज एकोणतीस. प्रत्येक वाचायचा म्हटलं तर जेवण सोडावं लागेल. पहिल्या ओळी बघते, शेवटच्या बघते, सही करते. प्रोग्राम उत्तम चालतोय. रोज अकराला मी लिफ्टमध्ये उभी असते आणि एकदाही धक्का बसलेला नाही.

१५ फेब्रुवारी, सोमवार

आज त्रेचाळीस. खरं सांगायचं तर एकही वाचला नाही. सह्यांचं बटण दाबून दाबून अंगठा दुखतोय. शेवटच्या बदलाखाली शेरा होता: वाचतेस का?

मी लिहिलं, हो.

 मला उगाच चोरी पकडल्यासारखं झालं. यंत्राशी खोटं बोलून लाज वाटायचं काय कारण, पण वाटली.

१७ फेब्रुवारी, बुधवार

दुसरंच काहीतरी शोधत होते. सोमवारी सही केलेला एक बदल उघडला. मधोमध एक ओळ होती. प्रोग्रामची नव्हे, नुसती लिहिलेली. ही ओळ वाचली असेल तर सही करू नये.

खाली माझी सही.

मग बाकीचे उघडले. तेवीस बदलांत अशा ओळी निघाल्या. वाचत नाहीस ना. आजही नाही. म्हातारा बारीक झाला आहे, खुर्ची आता हलकी ढकलली जाते. आणि शेवटची: तोही वाचत नव्हता. त्याला विचार.

बाबा खरंच बारीक झाले आहेत. ते मी कुणालाही सांगितलेलं नाही.  चहा केला आणि तसाच ओतून दिला.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांच्या जुन्या बदलांवर सही काकांची असे, म्हणून काकांना तळघरात गाठलं. ती ओळ दाखवली. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा खाली ठेवला. मग सांगितलं.

मास्तर कोणाचाच बदल पास करत नसत. लोक जेरीला आले होते. मास्तर जेवायला गेले की त्यांच्या खात्यात शिरून आपले बदल त्यांच्या नावावर घुसडायचे, आणि काका सही करायचे. न वाचता. त्या दिवशी मास्तरांच्या नावावर जो बदल होता तो मास्तरांनी लिहिलेला नव्हता. नाव त्यांचं म्हणून फेरी त्यांची. फेरीसाठी खाली जायला त्यांनी चौथ्या मजल्यावर बटण दाबलं, दार उघडलं, त्यांनी कागद वाचत आत पाऊल टाकलं, आणि लिफ्टचा डबा सहाव्याला होता. नुसती विहीर.

मजल्यावरचं दार उघडण्याआधी मागे डबा आहे की नाही हे विचारायची एक ओळ असते, काका म्हणाले. ती त्या दिवशी नव्हती. मी विचारलं, मग हे मला आधी का नाही सांगितलं? म्हणाले, तू विचारलं नाहीस, पोरी. मला त्यांचा इतका राग आला की तशीच जिन्याने वर निघून आले. पण राग कोणावर? सही माझीही तशीच.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

एजंटची किल्ली काढून घेतली. चारही बंद. मालकीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की यंत्र जुने शेरे चघळतंय, एवढंच. नाचता येईना अंगण वाकडं, असंही म्हणाल्या, सगळ्यांसमोर. नको असेल तर सोडा, पण जागा नोकरीबरोबर जाईल. बरं. सोडते. पुढच्या शनिवारी चार हमाल बोलावले आहेत, ते बाबांना खुर्चीसकट जिन्याने उतरवतील. तोवर एक आठवडा. मी लिफ्ट वापरत नाही. बाबांनाही वापरू देणार नाही.

२२ फेब्रुवारी, सोमवार

एजंट बंद आहेत. मी स्वतः तीनदा तपासलं.

शनिवार-रविवारी एक्केचाळीस बदल आले आहेत. मास्तरांच्या नावाने. सही नाही म्हणून अजून कोठारात गेलेले नाहीत.

काकांना विचारलं, खात्यात कोण शिरलं होतं? काकांनी नोंद पाहिली. म्हणाले, तळघरातूनच. तळघराची किल्ली माझ्याकडे आणि मी इथे नव्हतो.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

छापून घेतलं सगळं. माझ्या सहीचे तीनशे बारा बदल. आता वाचणार. ओळ न् ओळ. आधी वाचलं असतं तर — जाऊ दे.

काका कामावर आले नाहीत. रजेवर, बेमुदत. लिफ्टची वीज तोडायच्या मुख्य बटणाची किल्लीही घेऊन गेले.

२४ फेब्रुवारी, बुधवार

मावशींशी भांडण. मी नको म्हटलं असूनही बाबांना लिफ्टने खाली नेलं होतं. म्हणाल्या, माणसाला उन्हाशिवाय डांबून ठेवायला तो काय बटाटा आहे? मी नको ते बोलले. त्या निघून गेल्या. हात दाखवून अवलक्षण. पण आता बाबांना लिफ्टपर्यंत ढकलणारं कोणी नाही. ते एक बरं.

एकशे ऐंशी वाचले. काही नाही.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

सापडलं.

प्रोग्राम नव्हे. एक खातं. बारा तारखेला उघडलेलं. उघडणारे मास्तर, सही माझी. खात्याचं नाव 'बाबा'.

उद्या अकराच्या बदलावर तेच नाव आहे. ज्याच्यासाठी बदल, त्याने आधी चढावं, असं खाली लिहिलंय.

धावत घरी आले. बाबांच्या फोनवर कंपनीचा निरोप आलेला. उद्या आपली पहिली फेरी. टोपी झटकून ठेवली होती. ठमे, इतक्या वर्षांनी परत गाडी मिळाली मला, म्हणाले. मी ओरडले त्यांच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. ते भिंतीकडे तोंड करून बसले.

मालकीणबाई म्हणतात नाव बदलता येईल, फेरी रद्द करायची तर सगळ्यांत मोठ्या अधिकाराच्या खात्याची सही लागेल. म्हणजे मास्तरांची. आणि कोणी चढलंच नाही तर तीच फेरी त्याच नावाने परत लागते.

त्यांच्या नावाच्या जागी माझं टाकलं. कोठाराने लगेच घेतलं. शेरा आला: ठीक. वाचून ये.

तीनशे दहा वाचून झाले. फक्त दोन उरलेत.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

साडेदहा. उरलेले दोनही वाचले. गठ्ठ्यात होतं ते सगळं वाचलं. कुठेही खोट नाही. मी चढणार. एकदा फेरी झाली की संपलं, उद्या हमाल येतील.

बाबा अजून रुसलेले. मी जवळ बसले, हात धरला, माफी मागितली. मग विरघळले. म्हणाले, तू जा, मी पाचव्याला दाराच्या काचेतून बघतो. मी लहान असताना त्यांची बस घरावरून जायची, मी खिडकीतून हात करायचे. आता मी करतो म्हणाले. मी कबूल केलं, त्यांची खुर्ची लिफ्टच्या दारासमोर नेऊन ठेवली. उतरताना थांबेन आणि त्यांना एक फेरी देईन, असंही म्हणून गेले. इतके खूश झाले की —

अकरा. तळमजला. दार मिटलं. डबा सरळ.

पहिला. ठीक.

दुसरा. ठीक.

तिसरा. ठीक. आवाज नाही.

चौथा. काचेपलीकडे कोणी नाही. बरं वाटलं.

पाचवा. बाबा. टोपी. हात केला. मीही केला. कानात यंत्र नाही त्यांच्या — ते मावशी लावायच्या — मी विसरले.

सहावा. ठीक.

सातवा. पोचले. काही झालं नाही. खरंच काही झालं नाही. देवा.

डबा उतरत नाही. बटण दाबलं. परत दाबलं. दारही उघडत नाही.

वही चाळतेय. नुसतं उभं राहवत नाही. पाच तारखेचं पान. चिकटवलेला कागद. माझा तीन सेकंदांचा.

हा गठ्ठ्यात नव्हता. छापलेला आहे म्हणून परत छापला नाही. हा मी वाचलेला नाही. कधीच नाही.

चार नाहीत. पाच ओळी आहेत.

पहिली फेरी चालू असताना पाचव्या मजल्यावर बटण दाबल्यास दार उघडावे. मागे डबा आहे का, हे विचारू नये.

रोज अकराला बाबा खाली अंगणात असायचे. मावशी न्यायच्या. आणि मावशींना मी —

पाचव्याचा दिवा लागला. त्यांनी बटण दाबलं. मी येतेय असं वाटतंय त्यांना. मीच सांगितलं होतं —

हाका मारल्या. दारावर लाथा मारल्या. ऐकू जात नाही त्यांना. फोन लावला, वाजतोय तिकडे, उचलत नाहीत.

घंटा. खाली दार उघडलं. खुर्चीचं चाक करकरलं, ओळखते मी ते —

तीन सेकंद जास्त. मी मागितलेले.

एक.

दोन.

बाबा, आधी ब्रेक ब